डाव्या चाकामागची डबी

प्रिय मेहुणेराव,

सप्रेम नमस्कार. पाठदुखी कशी आहे? (खरंच होती ना? की माझं कपाट वर चढवायच्या दिवसापुरतीच? असो.)

मागच्या महिन्यात तू गाडी परत आणून लावलीस आणि दुसऱ्याच सकाळी एबीएसचा पिवळा दिवा लागला. जोरात ब्रेक दाबला तर चाकं घसरू नयेत म्हणून जी यंत्रणा असते, तीच बंद. मी तुझ्या बहिणीला स्पष्ट सांगितलं, हे तुझ्या भावाचंच काम, कुठल्यातरी खड्ड्यात घातली असणार आणि साळसूदपणे परत आणली. त्यावरून घरात काय झालं ते तुला माहीत आहेच (तिने दारातूनच सांगायला सुरुवात केली असेल).

मग गॅरेज गाठलं. मेकॅनिकने स्कॅनर जोडला आणि मिनिटभरात म्हणाला, डाव्या मागच्या चाकाच्या सेन्सरची तक्रार दिसतेय. एवढ्या झटपट? मी काय दुधखुळा आहे? मी चारही सेन्सरवर नेलपॉलिशच्या खुणा केल्या (आमचा माल काढून दुसऱ्याचा बसवायला नको) आणि समोर स्टूल टाकून बसलो. त्या बिचाऱ्याने मागचे दोन्ही सेन्सर एकमेकांच्या जागी लावले. सेन्सर खराब असता तर तक्रार उजवीकडे गेली असती, पण ती डावीकडेच राहिली. म्हणजे सेन्सर ठणठणीत. आता कसा सापडला, अशा नजरेने मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो टॉर्च घेऊन चाकामागे शिरला आणि एक पत्र्याची डबी घेऊन बाहेर आला. डबीला तळाशी चांगलं जाडजूड चुंबक, आणि त्यापायी सेन्सरला चाकाचा वेगच कळेनासा झालेला. आत गाडीची दुसरी किल्ली होती.

"ही कोणी ठेवली?" त्याने विचारलं.

मीच. तू पुन्हा न विचारता गाडी नेऊ नयेस म्हणून, तू गेल्या गेल्या त्याच संध्याकाळी चिकटवली होती. तेव्हा तू निर्दोष आहेस (या प्रकरणात). डबी काढली, दिवा गेला, मेकॅनिकची मी माफी मागितली. आता तुझी मागतो.

तुझा,
भावोजी

ता. क. तुझी बहीण तुझ्याकडे येऊन बारा दिवस झाले. माझा फोन ती उचलत नाही, आणि तुझा फोनही तीच कापत असणार. मला घरात अजिबात करमत नाही. कसंही करून तिची समजूत काढ, मी न्यायला येतो.

ता. क. २. हे पत्र तिला दाखवू नकोस, नुसतं टेबलावर ठेव. तुझी पत्रं ती गुपचूप वाचते असा मला पहिल्यापासून संशय आहे. तेवढा एक तरी खरा निघू दे.