घर सुनेच्या नावे

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा गवंडीकाम, राहणार स्वतः बांधलेल्या घरात, आज पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, याचा अनुभव सिमेंटवाल्याने आज सकाळीच घेतला. ओल लागलेली पोती माझ्या गळ्यात मारायला आला होता, जशीच्या तशी परत घेऊन गेला. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. पत्नी शेजारी बसली आहे, पण ती फक्त शब्द सुधारते.

१. वडिलांची शेतजमीन धाकट्या भावाकडे आहे. माझा वाटा मी त्याला राजीखुशीने सोडला, त्यावर माझ्यामागे कोणी हक्क सांगू नये. मात्र त्याने शेजारच्या आपल्या गोठ्याची भिंत आमच्या अंगणात हातभर पुढे सरकवली, ती राजीखुशीने नव्हे. त्यासाठी कोर्टात जाऊ नये. ती भिंत मी बांधलेली नाही, एवढे मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगावे. आताच ती मधोमध फुगून तिने पोट काढले आहे.

२. राहते घर. याची जागा मी माझ्या कमाईतून घेतली. आठवडाभर लोकांची घरे बांधायची आणि सुट्टीच्या दिवशी आपले, असे ते उभे राहिले. पत्नी विटा द्यायची, मी लावायचो, मुलगा वाळूच्या ढिगावर झोपलेला असायचा. पहिल्या खोलीवर पत्रा चढला त्या दिवशी पत्नी म्हणाली, "आता भांडलो तरी आपल्याच छपराखाली." घर संपूर्ण स्वकष्टार्जित आहे, ते कोणाला द्यायचे हे मीच ठरवणार.

माझ्या पश्चात पत्नीने या घरात हयातभर राहावे. मालकी माझ्या सुनेची राहील. मुलाचा घरावर कोणताही हक्क राहणार नाही.

लोक कारण विचारतील, म्हणून ते इथेच लिहितो.

मुलगा शहरात कामाला गेला आणि तिथे त्याने दुसरा संसार मांडला. ही बातमी आम्हाला त्याच्याकडून नव्हे, शहरात ये-जा करणाऱ्या ट्रकवाल्याकडून कळली. सुनेचे भाऊ तिला न्यायला आले. तिने पाणी दिले, चहा दिला आणि सांगितले, "तिथे येऊन मी तुमच्या बायकांच्या हाताखाली राहू? इथे माझं काम आहे." काम म्हणजे तेव्हा माझ्या हाताखाली घमेली वाहणे, एवढेच होते. भाऊ चिडून गेले. मला वाटले, चार दिवसांत रडत निघेल.

त्याच वर्षी मी परांचीवरून पडलो. बांबू सुटला आणि माझे खुब्याचे हाड मोडले. गावातल्या नर्सबाईंचे घर मी बांधायला घेतले होते, ते अर्धे झाले होते आणि पावसाळा तोंडावर होता. दुसरा गवंडी बघा, असा मी निरोप पाठवला. सुनेने तो पोहोचवलाच नाही. माझी थापी आणि ओळंबा घेऊन ती स्वतः कामावर गेली. मला कळले तेव्हा मी स्वतःला खुर्चीसकट तिथे उचलून न्यायला लावले. खाली बसून ओरडलो, "भिंत डावीकडे चालली आहे!"

ती वरून म्हणाली, "बाबा, तुमची खुर्ची उजवीकडे कलली आहे."

मी ओळंबा सोडायला लावला. भिंत सरळ होती. खुर्चीखाली खरोखरच खड्डा होता. नर्सबाई हसून हसून खाली बसल्या. मी हसलो नाही, पण त्या दिवसापासून घरात मी तिला "मिस्त्री" म्हणू लागलो. गावानेही पुढे तेच उचलले. मी अंथरुणात होतो तोवर या घरातली चूल तिच्या कमाईवर पेटली. माझे औषधपाणी तिने केले. पत्नीचे डोळे तिनेच तपासून घेतले.

मागच्या महिन्यात मुलगा फळांची पिशवी घेऊन आला.

"बाबा, घर माझ्या नावावर करून टाका. पुढे कटकट नको."

"कोणाची कटकट?"

"उद्या ती आपलंच म्हणून इथे बसेल."

"ती बसत नाही," मी म्हणालो. "सकाळी कामावर जाते."

त्याच्या आईने त्याला जेवायला वाढले आणि पिशवीतली फळेही कापून त्यालाच दिली. तो जाताना ती रडली. मीही दाराशी बराच वेळ उभा होतो. पोटचा पोर आहे. पण घर त्याचे नाही.

३. सुनेने पुढे पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच राहील. विकायचे की ठेवायचे, हे तिने ठरवावे. हे कलम पत्नीने घालायला लावले.

४. माझी सर्व हत्यारे सुनेची. ती आत्ताही तिच्याचकडे आहेत आणि मागितली तरी मला मिळत नाहीत.

५. माझी सायकल मुलाला द्यावी. पुढच्या दांडीवर बसवून मी त्याला शाळेत नेत असे, आणि चढ आला की तो मला "जोर लावा, बाबा" म्हणत असे. चालवायची नसेल तर टांगून ठेवावी, भंगारात घालू नये.

६. मुलगा आल्यास त्याला घरात घ्यावे, असे मी आधी लिहिले होते. सुनेला वाचून दाखवले. ती म्हणाली, "दार उघडीनही. पण उघडायचं की नाही, ते मी ठरवीन. तसं लिहा." तसे लिहिले आहे.

७. मृत्युपत्र केले म्हणून कोणी आताच भेटायला येऊ नये. मी घरी सापडणार नाही. उद्यापासून पोस्टमनच्या घराचा जिना बांधायला घ्यायचा आहे. पायऱ्यांची उंची किती ठेवायची यावरून माझे आणि मिस्त्रीचे भांडण चालू आहे, आणि मला ते जिंकायचे आहे.

वरील मजकूर मी लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

लिहून ठेवणार: गवंडी (सही)

साक्षीदार:
१. सुतार, ऊर्फ लंबू (सही)
२. निवृत्त शाळामास्तर (सही)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च