एडिटिंगचं मशीन निवडताना

आई, परवा मी एडिटिंगसाठी नवा कॉम्प्युटर घेतला. तयार उचलून आणला नाही. आतला एकेक भाग स्वतः निवडला आणि माझ्यासमोर जोडून घेतला. तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा मी सांगवीच्या एका स्टुडिओत दुसऱ्याच्या मशीनवर बसून लग्नाचे व्हिडिओ कापायचे, जोडायचे आणि तू शेजारणींना सांगायचीस, "आमची पोरगी लग्नाचं पिच्चर बनविती." आता ते काम माझं स्वतःचं आहे. मोशीच्या आपल्याच घरात, तुझं शिलाई मशीन होतं त्या खोलीत माझं टेबल मांडलंय. लग्नं असतातच, शिवाय कारखान्यांसाठी कामगारांना शिकवायच्या फिल्मही करते.

चार वर्षांपूर्वी पहिलं मशीन घेतलं ते दिसण्याला भुलून. काचेचं कॅबिनेट, आत रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे. प्रोसेसर कुठला, रॅम किती, काही विचारलं नाही. दुकानदार म्हणाला चालेल, मी मान डोलावली. वर्षभर चाललंही. मग कॅमेरे बदलले, चित्रण जड होत गेलं आणि मशीन धापा टाकायला लागलं. या उन्हाळ्यात चऱ्होलीच्या एका लग्नाचं काम केलं. नवरी परदेशी निघालेली, जाण्याआधी रविवारी सगळ्यांनी मिळून फिल्म बघायची ठरलेली. आणि फिल्म तयार करायला लावली की अर्ध्यात मशीन तापून बंद पडायचं. पाच वेळा पडलं. रविवारी मी रिकाम्या हाताने गेले. हॉलमध्ये सतरंज्या अंथरलेल्या, गावाहून आलेली आजी टीव्हीसमोरच्या खुर्चीत नवं लुगडं नेसून बसलेली. मी काय झालं ते सांगितलं. नवरीचे वडील एवढंच म्हणाले, "असू द्या ताई, चहा घ्या." ओरडले असते तर बरं झालं असतं.

येताना गाडीवर तू आठवत होतीस. तू नुकतीच चाकणला लागली होतीस, वायरिंगच्या लाईनवर. गाडीच्या पोटातून जाणाऱ्या वायरींचा जुडगा तुम्ही बायका बांधायच्या. साहेबांना विचारून तू सरावाला एक वायर आणि दोन कनेक्टर घरी आणले होतेस. मी सातवीत असेन. कुकर लागलाय, तू पीठ मळतेस, आणि मी ओट्याशी उभी राहून ते कनेक्टर एकमेकांत बसवतेय. टक् असा आवाज आला की मला मजा वाटते. "झालं," म्हणून मी ते तुझ्यापुढे धरते. तू पिठाच्या हातानेच नुसतं ओढतेस आणि कनेक्टर सुटून येतो. "झालं कसं? वढून बघितलंस का?" "आवाज आला की." "आवाज आला म्हंजी बसलं असं न्हाई. वढून बघायचं. मगच झालं म्हनायचं." मला राग आला होता. खेळत होते मी, आणि तू मला कामाला आल्यासारखं बोललीस.

लाईन थांबवल्याची गोष्ट मात्र तू मला कधी सांगितली नाहीस. ती तुझ्या दहाव्याला कळली. तुझ्या शेजारी बसून काम करणारी बाई सांगत होती. एकदा कनेक्टरचा नवा माल आला होता, आवाज यायचा पण ओढलं की सुटायचा. सुपरवायझर म्हणाला, आवाज येतोय ना, पुढे सोडा, ट्रक उभाय. तू लाल बटण दाबलंस. सगळी लाईन थांबली. तो अंगावर धावून आला तेव्हा तू म्हणालीस, "साहेब, त्या गाडीत मान्सं बसनार हायेत." महिनाभर तुला पॅकिंगला बसवलं. पण तो माल परत गेला, आणि त्यानंतर प्रत्येक कनेक्टर ओढून बघायचा असा कागद लाईनवर लागला. "तुझ्या आईमुळं लागला," ती बाई म्हणाली. तो महिना मला आठवतो. तू रोज यायचीस, चहा टाकायचीस आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणायचीस. मला वाटलं, पॅकिंगचं काम हलकं असेल.

या वेळी मी तीन आठवडे अभ्यास केला, आई. माझं चित्रण कुठल्या कॅमेऱ्याचं, ते उलगडायला कुठला प्रोसेसर लागतो, मशीन नेमकं कुठे अडतं, सगळं वहीत लिहिलं. मग पिंपरीतल्या एका दुकानात गेले. दुकानदारांना सगळे चाचा म्हणतात. त्यांच्या वडिलांचं गॅरेज होतं, यांनी कॉम्प्युटर धरला. त्यांनी आधी सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड पुढे केलं. "ताई, ये लगाओ, फिर टेन्शनच नाही." मी म्हटलं, "चाचा, मला गेम खेळायचे नाहीत. कार्ड मधलं चालेल. प्रोसेसर वरचा द्या, रॅम चौसष्ट. चालू कामासाठी वेगळी एसएसडी, आणि झालेलं काम ठेवायला दोन हार्ड डिस्क, एक गेली तर दुसरीत असलं पाहिजे." चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. "और लाईट?" "दिवे नकोत. स्क्रीन खऱ्या रंगाचा द्या. नवरीचा शालू माझ्याकडे लाल आणि तिच्या घरी केशरी दिसायला नको."

मशीन जोडून झालं, चालू झालं, चाचा खोका आणायला वळले. मी पिशवीतून डिस्क काढली. चऱ्होलीचं लग्न, तीन कॅमेऱ्यांचं चित्रण. "हे यावर चालवून बघायचंय. पूर्ण फिल्म तयार होईपर्यंत." चाचा हसले. "ताई, असं कोणी नाही करत. मेरी गॅरंटी है ना." "गॅरंटी आहे हो. तरी बघू." मी स्टूल ओढून बसले. वीस मिनिटं गेली, तीस गेली. चाळिसाव्या मिनिटाला स्क्रीन काळा झाला. चाचांनी झाकण उघडलं, हात लावून पाहिलं, आणि मान हलवली. पॉवर सप्लाय कमी पडत होता. एवढा भार त्याला झेपत नव्हता. त्यांनी वरच्या ताकदीचा बसवला आणि म्हणाले, "अब फिर से लगाओ." या वेळी फिल्म शेवटापर्यंत गेली. मग त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "ताई, इंजिनियर आहात का?" मी म्हटलं, "नाही. माझी आई चाकणला वायरिंगच्या लाईनवर कामगार होती. तिने शिकवलं." दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, त्यांनाही ऐकू जाईल असं म्हटलं.

फिल्म मी चऱ्होलीला स्वतः नेऊन दिली. नवरी गेलेली होती. तिने तिकडून फोनवर पाहिली आणि आजीने टीव्हीवर, दोनदा. वडिलांनी धाकट्या मुलीच्या लग्नाची तारीख तिथेच सांगून टाकली. आणि पुढच्या आठवड्यात चाकणच्या एका कारखान्यात मला नव्या बायकांसाठी फिल्म करायचीय, हाताचं काम कसं तपासायचं त्यावर. काय दाखवायचं ते मला कुणाला विचारावं लागणार नाही.

हे पत्र मी या मशीनवरच लिहितेय आणि ते इथेच राहणार. पण एक गोष्ट लिहून ठेवते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मैत्रिणींना मी सांगितलं होतं, आई कंपनीत ऑफिसला आहे. एकदा आम्ही मोशीच्या स्टॉपवर उभ्या होतो आणि तुझी कंपनीची बस समोर थांबली. तू उतरलीस, करडा युनिफॉर्म, केसांवरची जाळीची टोपी काढायची राहिलेली. तू हात केलास. संध्याकाळी भाकरी वाढताना विचारलंस, "मी दिसले न्हाई व्हय गं?" मी म्हटलं, गर्दी होती.

गर्दी नव्हती, आई. दिसली होतीस.