शनीवरचा डाग

३ ऑक्टोबर, शनिवार
दुर्बिणीच्या काचेवर पुन्हा कोणाचा तरी अंगठा! फ्लॅगस्टाफच्या टेकडीवर अंधार पडायच्या आधीपासून रांग, आणि शनीच्या बरोबर मध्यावर करडा डाग. वँडाला झापलं. बिचारीने तिसऱ्यांदा पुसलं. "डेल्फीन, काच लख्ख आहे गं!" छत्तीस वर्षं दोघी मिळून लोकांना आकाश दाखवतोय, पण आज मी तिचं ऐकेना. शेवटी आमची जुनी युक्ती केली – डोळ्याजवळची काच गोल फिरवायची. डागही फिरला, तर घाण काचेवर.
फिरला नाही. म्हणजे डाग माझ्याच डोळ्यात.

५ ऑक्टोबर
माझ्या पुस्तकाची प्रुफं आली. अक्षरं मधूनच गायब. नवऱ्याला म्हटलं, "ऑरिन, मोठ्याने वाच. साध्या माणसांसाठीचं आकाश आहे, कानाला कसं लागतं बघू." एका शब्दाने न विचारता वाचत बसला. शेवटचं प्रकरण, पृथ्वीवर जीव कसा आला.
"म्हातारे, 'नक्की माहीत नाही' हे चार वेळा लिहिलंयस!"
"चार गोष्टी माहीत नाहीत म्हणून!"
खूप हसलो. घसा बसेपर्यंत वाचलं त्याने. असा नवरा नशिबाने मिळतो, खरंच.

७ ऑक्टोबर
डॉ. त्सोसींकडे गेले. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. तो परत येत नाही. कडेचं दिसत राहील, म्हणाले. छान माणूस, घाई केली नाही.
गाडीत ऑरिनला सांगितलं – डोळे कोरडे पडलेत, थेंब दिलेत. धादांत खोटं! पण त्याला कळलं की वँडाला कळणार, आणि मग माझी टेकडी संपली. शनी न दिसणाऱ्या बाईने शनी कसा दाखवायचा?

८ ऑक्टोबर
ऑरिन दारात उभा राहून विचारतो, "मी कसा दिसतोय?" म्हटलं, "होतास तसाच, देखणा!" आत जाऊन चहा टाकला. सत्तरीत याला काय काय सुचतं!

१० ऑक्टोबर, शनिवार
देवयानी दीर्घिका लावली होती. रांगेतली शाळेच्या बसची ड्रायव्हर वैतागली. "कुठे काय आहे? नुसता काळोख!" सवयीने बोलून गेले, "तिच्याकडे बघू नका. जरा बाजूला बघा. अंधुक गोष्टी डोळ्याच्या कडेला दिसतात."
"अगं बाई! आहे की!"
आणि मी तशीच थबकले. छत्तीस वर्षं हेच सांगतेय लोकांना! तिच्यानंतर डोळा लावला, बाजूला पाहिलं – आली! पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड, माझ्या शाबूत कडेवर. रडू फुटलं. वँडाने रुमाल पुढे केला, जणू हातात तयारच होता. केवढं दिलंय मला या टेकडीने!

११ ऑक्टोबर
सकाळी ऑरिन पॅनकेक उलटत होता. म्हटलं, दीर्घिका दिसते तर नवरा का नाही? त्याच्या कानाकडे पाहिलं. हळूच त्याचा चेहरा आला.
"ऑरिन! मिशी कुठे गेली?"
"तीन आठवडे झाले काढून." त्याने गॅस बंद केला. "तू सांगशील म्हणून थांबलो होतो. वँडासुद्धा."