एकाच टोपलीतल्या भाकऱ्या

भोईवाडा, परळ
एप्रिल १९६०

प्रिय लक्ष्मी,

"आमची भाकर जाड हाय, पर पोटात दम धरती. सांग तुझ्या माणसांस्नी." तुझ्या आईचं हे वाक्य रविवारपासून माझ्या डोक्यातून जात नाही. चार वर्षांपूर्वी रखमाआई ते म्हणाल्या तेव्हा मी तुमच्या जुन्या चाळीच्या जिन्याखाली टोपली घेऊन उभी होते. बाहेर संचारबंदी होती, आणि त्यांच्या कोपरापर्यंत पीठ लागलेलं होतं. मी हसले, त्याही हसल्या. मग त्यांनी वरची भाकरी उचलून फडक्याने झटकली आणि पुन्हा नीट ठेवली, घरच्या माणसाच्या ताटात वाढावी तशी.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. वरळीची खोली हवेशीर आहे आणि तुझी छबू शाळेत रमली आहे हे वाचून बरं वाटलं. आपल्या शेजार सेवा मंडळाचं म्हणशील तर बरं चाललंय. शिवणवर्गाला नवं यंत्र आलं. क्षयाच्या रोग्यांना दूध पोचवण्याचं काम चालू आहे. मध्यंतरी देवीच्या लसीसाठी आम्ही बायका घरोघर फिरलो. मागच्या चाळीतल्या एका म्हातारीने "आधी तुझ्या आयशीक टोच" म्हणून डॉक्टरला दारातूनच पिटाळलं. शेवटी मी माझा दंड पुढे केला, तेव्हा कुठे ती बसली. कौसल्या अजून पट्टीची गाठ नेमकी जखमेवरच मारते आणि वर म्हणते, "माणूस बरा झाल्याशी कारण." तू असतीस तर तिचा कान धरला असतास.

एक मेच्या समारंभाचं तुला कळलंच आहे. आमंत्रण घेऊन मंडळातला दौलत तुमच्याकडे आला होता, तो परत येऊन सगळं सांगत बसला. रखमाआईंनी त्याला दोनदा चहा पाजला म्हणे. शेजारपाजारच्या बायकांना हाका मारून बोलावलं, आणि "दवाखान्यातली माणसं माज्या भाकरीवर जगली, त्याचा सत्कार हाय" असं सगळ्यांना सांगितलं. पांढरं लुगडं पेटीतून काढून उन्हात घातलंय. दौलत हे सांगताना हसत होता. मीही हसले, कारण तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. त्यांना शाल मी घालायची आणि त्यांच्याविषयी चार शब्दही मीच बोलायचे, असं मंडळात ठरलं आहे. मीच मागून घेतलं होतं ते काम.

ते दिवस तुला मी काय सांगायचे? मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि गिरणगाव पेटला. गोळीबार झाले, गिरण्या बंद, दुकानं बंद. जखमींच्या मागोमाग आलेले त्यांचे नातेवाईक संचारबंदीत दवाखान्याच्या आवारातच अडकले. कोण भायखळ्याचं, कोण पार शिवडीचं. घरी जायची सोय नाही, खायला दाणा नाही. मंडळाने घरटी भाकऱ्या गोळा करायच्या ठरवल्या, तेव्हा अप्पांनी बैठकीत घसा खाकरून "दोन टोपल्या ठेवाव्यात का?" असं विचारलं होतं. आठवतं? तू खाली मान घालून बसली होतीस. मी म्हटलं, "एकच टोपली. नाहीतर मी येणार नाही." कुणी वाद घातला नाही. अप्पा मंडळाचे चिटणीस, ते लगेच "बरं, वहिनी म्हणतात तसं" म्हणाले. आमचे हेही मान हलवून मोकळे झाले. इतक्या लवकर सगळे कबूल झाले याचं मला किती कौतुक वाटलं होतं! नंतर कुणी पाहुणा आला की मी सांगायची, आमच्या मंडळात पहिल्या दिवसापासून एकच टोपली होती.

तांदूळ सगळ्यांचेच संपले होते. वाण्याच्या मागच्या दाराने मिळेल ती ज्वारी. म्हणजे तुमच्या चाळीतली भाकरी काय नि आमच्या चाळीतली काय, पीठ एकच. फरक होता तो हाताचा. आमच्या कोकणातल्या बायका पातळ थापायच्या, तुमच्याकडच्या साताऱ्याकडल्या बायका जाड. रखमाआईंच्या तर सगळ्यांत जाड. एकदा मी टोपली घ्यायला आले तेव्हा छबूने पदराखालून हात घालून एक भाकरी ओढली. रखमाआईंनी तिच्या हातावर चापट मारली. "ती दवाखान्यातल्या मानसांची हाय. तुला च्यात बुडवून देते काय तरी." तुमच्या डब्यात पीठ उरलं नव्हतं, ते मला तू नंतर सांगितलंस. आई उपास आहे म्हणून पडून राहायची, आणि कसला उपास विचारलं तर चिडायची, तेही.

आणि तरी भाकऱ्या पुऱ्या पडायच्या नाहीत. हे मला कधी उमगलं नव्हतं. टोपली मंडळाच्या खोलीतून निघताना मी फडकं बांधायची तेव्हा ती शिगोशीग असायची. ती अप्पा, सीताराम, आमचे हे, अशी पुरुष माणसं उचलायची. आपण दोघी पट्ट्यांचं सामान घेऊन पुढे जायचो. दवाखान्याच्या आवारात फडकं सोडलं की टोपली उणी वाटायची. मला वाटायचं, भाकऱ्या दबल्या असतील. त्या शिवडीच्या म्हाताऱ्याला मी अर्धी भाकरी दिली आणि उरलेली अर्धी शेजारच्या बाईला. त्याने ती अर्धी परत केली, "तिच्याजवळ लेकरू आहे" म्हणून. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी टोपली उलटी करून दाखवली. आठवतं ना तुला?

आता रविवारचं सांगते. समारंभाची शेवटची बैठक होती. दुपारी वाचनालयाच्या खोलीत आम्ही सगळे जमलो होतो. रखमाआईंना शालीबरोबर नारळ द्यायचा का, यावर खल चालला होता. कुणी म्हणालं, "त्यांनी आता बुद्धाची दीक्षा घेतली, नारळ चालतो का त्यांना?" कुणी म्हणालं, "फुलं द्या म्हणजे झालं." सीताराम, तोच तो टोपली उचलणारा, मध्येच म्हणाला, "शाल कशाला, भाकरी पातळ कशी थापायची ते शिकवा." सगळे हसले. अप्पांना तर हसताना ठसका लागला. डोळे पुसत ते म्हणाले, "अरे, त्या जाड भाकऱ्यांच्या नादात आपल्या कौसल्येच्या भाकऱ्या बैलांनी खाल्ल्या, ते आठवतं का?" पुन्हा हशा. कौसल्या पदर तोंडाला लावून म्हणाली, "मेल्यांनो, मी घाटावरची! तुम्ही जाडी बघून निवडता हे मला कुणी सांगितलं होतं? सांगितलं असतं तर मीपण पातळ केल्या असत्या."

मी विचारलं, "कुठले बैल?"

लक्ष्मी, त्या माणसाने, अप्पांनी, माझ्यापासून काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्याच्या मनातच नव्हतं. कापसाच्या गाड्या कॉटन ग्रीनकडे जायच्या त्या संचारबंदीत मागच्या गल्लीतल्या गाडीतळावर अडकून पडल्या होत्या. दवाखान्याकडे जाताना हे लोक टोपली तिथे उतरवायचे. फडकं सोडायचे आणि जाड भाकऱ्या वेचून बाजूला काढायचे. जाड म्हणजे तुमच्या चाळीतल्या. त्या बैलांपुढे टाकायच्या, फडकं पुन्हा बांधायचं, पुढे निघायचं. रोज. आणि त्यात कौसल्येच्याही जायच्या, कारण तिच्याही जाड. हे त्यांना पुष्कळ दिवसांनी कळलं, आणि तेव्हापासून ही मंडळातली गंमत आहे. मी सोडून सगळ्यांना ठाऊक असलेली. अप्पा म्हणाले, "बैलही उपाशीच होते हो वहिनी. मुकी जनावरं. पुण्यच लागलं."

मी उठले की बसून राहिले ते मला आठवत नाही. माझ्या हातात सुतळीचा गुंडा होता, पताकांसाठी आणलेला, तो मी घरापर्यंत तसाच घेऊन आले. जिन्यात शेजारच्या रघुवीरची आई काहीतरी बोलली, मी तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. माझे पाय चालत होते, पण मला आपलं दिसत होतं ते छबूच्या हातावर चापट मारणारं पिठाळलेलं मनगट.

हे घरी आले तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" ते टोपी खुंटीला अडकवत होते. म्हणाले, "अगं, वेळ कसली होती ती. एखाद्याने नाक मुरडलं असतं तर सगळी टोपली वाया गेली असती." मी विचारलं, "कुणी मुरडलं होतं नाक? कुणी म्हटलं होतं, खाणार नाही?" तर म्हणाले, "म्हणायला कशाला लागतं?" आणि पेपर उघडून बसले. याच माणसाने गोळीबारात पडलेल्या मुलांना खांद्यावर उचलून आणलं होतं, लक्ष्मी. कुणाची जात विचारली नव्हती. रक्ताने भिजलेला त्यांचा सदरा मी स्वतः धुतलाय. तोच माणूस गाडीतळावर बसून भाकरीची जाडी बघत होता. हे दोन्ही मला एका जागी ठेवता येत नाही. त्या दिवसापासून मी त्यांना वाढते, ते जेवतात, आणि मी त्यांच्या हातांकडे बघत राहते.

दुसऱ्या दिवशी अप्पांकडे गेले. म्हटलं, हे समारंभात सांगायला हवं, नाहीतर सत्कार करू नका. ते रागावलेही नाहीत. "वहिनी, भाकऱ्या चार वर्षांपूर्वीच्या. आता कशाला त्या शिळ्या वाढता? म्हणूनच तर म्हातारीला शाल देतोय ना. पाहुणे येणार, पेपरवाले येणार. आपल्या मंडळात भेद नाही हे लोकांना दिसायला नको?" मग त्यांनी बायकोला हाक मारून माझ्यासाठी कोकम सरबत करायला सांगितलं. मी ते प्याले. का प्याले, कळत नाही.

एक गोष्ट विचारायला माझी जीभ उचलत नाही, पण कागदावर विचारते. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर तू मंडळात येणं बंद केलंस. शाळेची नोकरी लागली, वेळ नसतो, असं म्हणालीस, आणि मी ते खरं मानलं. की तुला कुठून कळलं होतं? कळलं असेल तर संक्रांतीला माझ्या घरी येऊन तिळगूळ कसा खाल्लास? माझ्याही हसण्यात तुला तो गाडीतळ दिसत असेल का? आणि कळलं नसेल, तर हे पत्र उघडून मी तुझ्या घरात काय आणून टाकते आहे, त्या विचाराने मघापासून दोनदा टाक खाली ठेवला.

तरी लिहिते आहे, कारण एक मेला मला रखमाआईंच्या समोर उभं राहायचं आहे. अप्पांनी माझं भाषणही लिहून दिलंय. "यांच्या हातच्या भाकरीने अनेक भुकेल्यांचे प्राण वाचले" असं त्यात आहे. ते मी वाचलं तर त्या माउलीला मी तोंडावर फसवीन, आणि तीही माझ्या डोक्यावरून हात फिरवील. मी येतच नाही म्हटलं, तर शाल सीताराम घालील. तुम्ही येऊ नका असं मी सांगणार नाही. तुम्ही का म्हणून घरी बसायचं? पण शाल घालण्याआधी, सगळ्यांच्या देखत, जे झालं ते मला सांगू दे. आमच्या यांच्या देखत, अप्पांच्या, पाहुण्यांच्या देखत. आणि रखमाआईंच्याही देखत, ते टाळता येणार नाही. तू काय उत्तर देशील ते मला इथे बसल्या ऐकू येतंय. तू म्हणशील, मालन, माझ्या आईजवळ त्या दिवसांतलं एवढंच उरलंय, तेही तुला तुझ्या जिवाच्या शांतीसाठी हवंय का? तरीही विचारते. लक्ष्मी, मला बोलू दे.

तुझीच,
मालन