काडीने लावलेलं कुंकू

सटाणा,
१४ डिसेंबर २००३

प्रिय गोटीराम,

फोनवर बोलायला घेतलं की तू सगळं चेष्टेवर नेतोस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते आहे. इकडे बरं आहे. कांद्याची लागण उरकली. तुझे दाजी सारखे विचारतात, झेंडूच्या तोडणीला शुभांगी एकटी कशी पुरी पडते? डायलिसिसच्या दिवशी ती तुझ्याजवळ बसते, उरलेले दिवस मळ्यात. तिला म्हणावं, नवऱ्याच्या काळजीत जेवणाची हयगय करू नकोस.

तुला किडनी देण्याआधीच्या तपासणीत मला हेपटायटिस सी हा लिव्हरचा आजार निघाला, तो दिवस डोळ्यांसमोरून जात नाही. तुझी तीच चाचणी निगेटिव्ह होती. ‘अक्का, जन्मात पहिल्यांदा तू नापास आणि मी पास!’ असं म्हणून व्हरांड्यात तू एवढा हसलास की नर्स ओरडली. मीही हसले. माहेरी मात्र कुणी हसलं नाही. माझा कप वेगळा झाला. भाऊबीजेला आईने ओवाळणीच्या ताटात कुंकवाशेजारी काडी ठेवली. ‘बोट नको लावूस गं मैना, आधीच त्याचं एवढं दुखणं!’ काडीने टिळा वाकडा गेला. तू तो दिवसभर तसाच ठेवलास.

परवा तुझ्या डॉक्टरांनी बोलावलं होतं. माझं रक्त त्यांनी मुंबईला दुसऱ्या, विषाणूच शोधणाऱ्या चाचणीसाठी पाठवलं होतं, तेही दोनदा. दोन्ही वेळा विषाणू सापडला नाही. पहिली चाचणी विषाणू पाहतच नाही म्हणे. त्याच्याशी लढायला शरीर जे तयार करतं, तेवढंच पाहते. डॉक्टर म्हणाले, ‘मळ्यात कुत्रं भुंकलं म्हणजे चोर असेलच असं नाही. वाऱ्यानेही भुंकतं, चोर निघून गेल्यावरही भुंकतं.’ आणि शिवल्याने तर हा आजार लागतच नाही, रक्तातून लागतो. मी किडनी देऊ शकते, गोटी. आई सध्या इथेच आहे; तिला सांगितलं तर ती देवापुढे जाऊन बसली, माझ्याकडे तिला बघवेना.

इथेच पत्र संपलं असतं, तर पेढे घेऊन मीच आले असते. उठताना मी डॉक्टरांना सहज म्हटलं, ‘बरं झालं, भाऊ तरी पहिल्यापासून पास आहे.’ त्यांनी लगेच तुझी फाईल काढली. तुला किती वेळा रक्त चढवलंय ते पाहिलं, लिव्हरचे आकडे महिनोन्महिने थोडे वर आहेत ते पाहिलं. मग म्हणाले, डायलिसिसवरच्या माणसाचं कुत्रंच आजारी असतं. चोर घरात असला तरी कधीकधी भुंकत नाही. तुझ्या ‘निगेटिव्ह’वर त्यांचा आता भरवसा नाही. विषाणू असेल तर आधी त्यावर औषध घ्यावं लागेल. नाहीतर ऑपरेशननंतरच्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांनी तो उसळेल. तारीख पुढे गेली तर जाऊ दे. माझी किडनी कुठे पळून जात नाही. पुढच्या डायलिसिसला सुई टोचतील तेव्हाच त्या दुसऱ्या चाचणीसाठी रक्त दे, एवढंच सांगायला हे पत्र. हसण्यावारी नेऊ नकोस. रिपोर्ट काय येईल ते मला ठाऊक नाही आणि मला झोप नाही. पण तो कसाही आला तरी कुणी तुझा कप वेगळा ठेवायचा नाही, हे मी आईला आणि फोनवर शुभांगीला बजावलंय. मी गुरुवारी येते. भाऊबीज होऊन गेली तरी चालेल, ओवाळणीचं ताट मांडून ठेवायला शुभांगीला सांग. काडी नको.

तुझीच,
मैनाअक्का