ऑर्किडला फूल आणण्याची माझी पद्धत

३ ऑक्टोबर, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. विषय एकच: हिचं ऑर्किड पुन्हा फुलवायचं. पहिली फुलं गळून पाच महिने झाले. तेव्हापासून कोपऱ्यात नुसतं बसून आहे. पानं सहा, जाड, हिरवीगार. तब्येत ठणठणीत आणि काम शून्य. असली माणसं कारखान्यात पुष्कळ पाहिली.

झाड मुलीने हिच्या वाढदिवसाला पाठवलं होतं. पाठवलं, आणून दिलं नाही. दोन वर्षं या घरात पाऊल टाकलेलं नाही. कारण काय, तर लग्न करायचं म्हणून ती ज्याला घेऊन आली त्याला मी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि 'रिजेक्ट' म्हणालो. त्याच्यासमोरच. बेअरिंगच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो, पोटात एक ओठात एक मला जमत नाही. मुलगा नर्सरीत झाडं विकतो. पदवीधर असून कुंड्या उचलतो. मुलीने त्याच्याशीच लग्न केलं. मी त्याला कुंडीवाला म्हणतो.

ही म्हणाली, एक फोन करा, दोघांना जेवायला बोलवा. म्हटलं, फोनबिन होणार नाही. आधी याला फूल आणून दाखवतो, म्हणजे जावयाचा धंदा कुणालाही जमण्यासारखा आहे हे सिद्ध होईल. फूल आलं की बोलावू. ही म्हणाली, शब्द? म्हटलं, शब्द.

डिसेंबरपर्यंत फूल. तेही फार झालं.

४ ऑक्टोबर
मोबाइलवर तीन व्हिडिओ बघितले. एक बाई म्हणते बर्फाचे खडे घाला, दुसरी म्हणते घातलेत तर झाड मरेल. तिसऱ्याच्या मागे मांजर सोफा ओरबाडत होतं, त्याचं त्याला भान नाही, तो झाडं काय सांभाळणार. सगळे उंटावरचे शहाणे. आपण आपली पद्धत लावायची: वेळापत्रक, मोजमाप, रजिस्टर.

९ ऑक्टोबर
सकाळी फिरताना शेजारचा डेंटिस्ट चिकटला. त्याच्याकडे चार ऑर्किडं आहेत. न विचारता सांगत सुटला: उजेड भरपूर द्या पण थेट ऊन नको, पाणी आठवड्यातून एकदा, थंडी सुरू झाली की खिडकीजवळ गारव्यात ठेवा, महिना-दीड महिन्यात फुलांचा तुरा दिसायला लागेल. म्हटलं, डॉक्टर, तुम्ही दात बघा.

घरी येऊन कुंडी खिडकीजवळ सरकवली. त्याचं ऐकून नव्हे. माझं आधीच ठरलं होतं.

१७ ऑक्टोबर
कुंडी ओली लागली. ही चोरून पाणी घालते असा संशय आला. विचारलं. म्हणाली, तुम्हीच काल दोनदा घातलंत. रजिस्टर काढलं. कालच्या नोंदी दोन. अक्षर माझं आहे, पण घाईतलं.

२८ ऑक्टोबर
ही झाडाशी बोलते. दुपारी पडल्या पडल्या ऐकलं. मुलीचं काहीबाही सांगत होती आणि मध्येच नाक ओढत होती. उठून सांगितलं, झाडाजवळ रडू नये, दमटपणा वाढतो. संध्याकाळी आमटीत मीठ नव्हतं.

११ नोव्हेंबर, सकाळी ६.४०
कोंब आले. एक नाही, दोन. पद्धतीचा विजय. कुंडीवाल्याला चार वर्षं कॉलेजात शिकवलं ते मी सहा आठवड्यांत केलं.

पण दोन्ही तुरे नसणार. भिंग लावून तपासलं. पहिल्याचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत, कुठेही खोट नाही. दुसरा पानाच्या बगलेतून तिरका वर निघालाय, टोक चपटं, त्यावर कंगोरे, हातमोजा घातलेल्या बाळाच्या हातासारखं काहीतरी. उघड आहे. पहिला तुरा, दुसरं मूळ.

१२ नोव्हेंबर
ही म्हणाली, कात्री लावू नका, आधी डेंटिस्टना दाखवू. म्हटलं, एकतीस वर्षांत मी पास केलेला एकही पार्ट गिऱ्हाइकाकडून परत आलेला नाही. यावर ही म्हणाली, पण तुम्ही नापास केलेले किती चांगले होते ते कुणी बघितलं? हिला क्वालिटीतलं काही कळत नाही.

कात्री स्पिरिटने पुसली. दुसरा कोंब बुडापासून कापला. आता झाडाची सगळी ताकद एका जागी लागेल.

१३ नोव्हेंबर
उरलेला तुरा व्हर्नियरने मोजला. १८.२ मिलिमीटर. आधाराला बांबूची काडी रोवली, मऊ दोऱ्याने तीन ठिकाणी बांधला.

२५ नोव्हेंबर
३१.६. वाढ समाधानकारक, वागणूक नाही. वर जायचं सोडून खाली वळतो. रोज सरळ करतो, रोज वाकडा. मुलगीही अशीच. अभ्यासाला ताठ बसवली की पाच मिनिटांत टेबलावर आडवी. तरी दरवर्षी पहिली यायची, ती माझ्यामुळे.

रंग चंदेरी होत चाललाय. जातिवंत तुऱ्याचा असाच होत असणार. डेंटिस्टला दाखवणार नाही. जळेल.

६ डिसेंबर, दुपारी ४
४७ मिलिमीटर. कळी अजून फुटलेली नाही, पण तेवढ्यासाठी थांबण्यात अर्थ नाही. काम झाल्यात जमा आहे. फोटो काढून मुलीला पाठवला. दोन वर्षांतला माझा पहिला मेसेज. चार वेळा लिहिला, चार वेळा खोडला. शेवटी लिहिलं: 'तुरा धरला. याला शिस्त म्हणतात. नर्सरीत दाखव.' लगेच निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. काय बोलणार, तोंडच बंद झालं असेल.

६ डिसेंबर, संध्याकाळी ७
उत्तर नाही. मी काही वाट बघत नाही. फोन हातात आहे तो वेळ बघायला.

७ डिसेंबर
मुलीचा फोन आला. मला नाही, हिला. हिने स्पीकरवर टाकला. मुलगी म्हणाली, आई, हा बोलतोय, नीट ऐक. मग कुंडीवाला. म्हणाला, बाबा, काडीला बांधलंय ते मूळ आहे. त्याच्या शेजारी कापल्याची खूण दिसते ना, तिथे तुरा होता. झाड उत्तम आहे, वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या थंडीत येईल परत.

मला बाबा म्हणायला याला कुणी सांगितलं?

एकदाही हसला नाही. हसला असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. पाठवलेला फोटो पुन्हा भिंग लावून बघितला. प्रकाश चुकीच्या बाजूने होता.

८ डिसेंबर
हिने सकाळी बॅग भरली. म्हणाली, तुमचं फूल आता वर्षाने. शब्द तुमचा, तुम्ही पाळत बसा. माझी लेक काय तुमच्या शब्दात अडकलेली नाही. चालले तिच्याकडे आठ दिवस. म्हटलं, खुशाल जा, मला स्वयंपाक येतो.

१० डिसेंबर
येत नाही.

११ डिसेंबर, संध्याकाळी ६
दिवसभर कुणाशी बोललो नाही. पेपरवाल्याशी बोललो, पण तो सायकलवर होता. घरात घड्याळाचा आवाज फार होतो, दुरुस्तीला टाकायला हवं.

पाण्याबाबत एक टेक्निकल शंका होती म्हणून कुंडीवाल्याला फोन लावला. निव्वळ टेक्निकल. त्याने सांगितलं, आठवड्यातून एकदा, आणि बाकी काही म्हणजे काही करू नका. मग म्हणाला, थांबा, हिला देतो. मी नको म्हणायच्या आत दिलासुद्धा.

मुलीला काय काय सुनावायचं त्याची यादी दोन वर्षं तोंडपाठ होती. ती 'बाबा' म्हणाली आणि यादीतलं एक अक्षर आठवेना. विचारलं, पाणी किती घालायचं. म्हणाली, आत्ताच सांगितलं ना याने. म्हटलं, हो. म्हणाली, जेवता ना नीट? म्हटलं, नाही.

कुणीच फोन ठेवला नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, रविवारी या, दोघंही या, आईला घेऊन या. फुलाचं काही बोललो नाही.

ती म्हणाली, याला विचारून कळवते.

रात्रीचे नऊ. अजून कळवलेलं नाही.