टाळता येण्याजोगे

१४ मार्च, सकाळ

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी ठीक आहे. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी ड्रायव्हरच्या हाती देते आहे. वाचता वाचता नातीच्या पायात चपला घाल. भांडण नंतर करू.

काल तुझ्या सुनेशी बोलले. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "टिल्लीला कुत्र्याचं पिल्लू चावलं, मावशी. नखाएवढंच लागलंय. दवाखान्यात लस संपलीय, सोमवारी बघू."

"पिल्लू कुठे आहे?"

"ते मेलं की! कमाल आहे तुमची, नातीपेक्षा पिल्लाची चौकशी."

चावलेलं पिल्लू मेलं, म्हणजे ते पिसाळलेलं असू शकतं, धाकटे.

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पाव तास धू. बांधू नकोस. मग गाडीत बसा. शहरातल्या मोठ्या इस्पितळात मी सांगून ठेवलं आहे. सगळे डोस पुरे करायचे. रेबीजमध्ये 'बघू' चालत नाही. एकदा लक्षणं दिसली की डॉक्टरांच्याही हातात काही उरत नाही.

आता उरलेलं. मागे तू म्हणालीस, "ताई, टाळण्यात तुझा हात कोण धरणार!" फार झोंबलं होतं. उद्या आमच्या निधीची बैठक आहे. विषय, 'टाळता येण्याजोगे आजार'. जगभरात कुठल्या आजाराला पैसा आधी आणि कुठल्याला उरला तर. तो क्रम मी लावला आहे. वर गोवर, खाली हिवताप, आणि अगदी तळाला कुत्र्याचा चावा. त्याच पैशात गोवराची लस कितीतरी जास्त पोरं वाचवते. काल पुन्हा सगळं तपासलं. चूक सापडावी म्हणून तपासलं, धाकटे. सापडली नाही.

उद्या हात वर करून मत द्यायचं आहे.

म्हणून एक ऐक. लस मिळाली की नाही, ते बैठक संपेपर्यंत मला कळवू नकोस. ड्रायव्हरलाही बजावलं आहे. मिळाली असं कळलं, तर मी निर्धास्त होईन आणि खुशाल हात वर करीन. ज्यांच्या दारात कुणाची गाडी येत नाही, त्यांच्या टिल्ल्या तळालाच राहतील. हात वर करीन की नाही, मला अजून माहीत नाही. पण जे करीन ते त्यांच्या आयांइतकीच घाबरलेली असताना करू दे.

चिठ्ठी ठेव. ऊठ.

तुझी,
कधी न घाबरणारी म्हणून तू जिला चिडवायचीस ती ताई